म्हसखिंडीचा मुकादम

माझी बायको हौसा गेली, तिच्या तेराव्याला जेवणं उरकल्यावर दोन पाहुणे भांडले. एक म्हणाला, हौसाकाकूंचा बाप देवमाणूस होता. दुसरा म्हणाला, कसला देवमाणूस, डोक्यानं अर्धा होता, आमच्या आजोबांनी सांगितलंय. दोघंही त्या वेळी जन्मलेले नव्हते. मी मध्ये बसलो होतो. शेवटी दोघं माझ्याकडं वळले. "अण्णा, तुम्हीच सांगा. तुम्ही तर त्यांच्या हाताखाली काम केलंय."

मी चूळ भरायच्या निमित्तानं उठलो आणि मोरीत जाऊन उगाच उभा राहिलो.

माझं शिक्षण तिसरीपर्यंत, तेही मोशीच्या शाळेत, अर्धं वर्ष म्हशींमागं. लिहिणं माझं काम नव्हे. पण हौसाला विचारलं की ती नुसती हसायची, आणि आता हसणारीही राहिली नाही. त्या दिवशी खिंडीत जे होते त्यांतला मी एकटा उरलोय. म्हणून डोळ्यांनी बघितलं तेवढं लिहितो. अर्थ ज्याचा त्यानं लावावा. मला लागलेला नाही.

रखमाजी मुकादम म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात, म्हणून मी मामा म्हणायचो. हौसा आबा म्हणायची. त्यांचं गाव भामेच्या खोऱ्यात, म्हसखिंडीच्या पलीकडं. अलीकडं उतरलं की महाळुंगे आणि पुढं चाकणचा बाजार. आज त्या पट्ट्यात कंपन्यांची पत्र्याची छपरं आणि रांग लावून उभे असलेले कंटेनर दिसतात. तेव्हा माळ होता, बाजरी होती, आणि खिंडीतून उतरणारी माणसं कोसावरून मोजता यायची.

मामा उंचीला बेताचे, अंगानं वाळके, पण पायाचे तळवे असे रुंद की चिखलात उमटलेला पाय बघून माणसं म्हणायची, मुकादम पुढं गेलाय. रस्त्यावर ते अनवाणी चालायचे. वहाणा काखेत. गाव आलं की वहाणा घालायच्या, चारचौघांत बसायचं, आणि पुन्हा रस्ता लागला की काखेत. जग उलटं करतं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "वहाण घातली की रस्ता काय बोलतो त्ये ऐकू येत न्हाई."

दुसरी खोड पाण्याची. कुठंही गेले की हातातला तांब्या जमिनीवर हळूच ओतायचे आणि उकिडवे बसून पाणी कुठं जातंय ते बघायचे. माझ्या लग्नात बोहल्याजवळ ओतला. भटजी मंत्र म्हणतायत, मी अंतरपाटामागं घामाघूम, आणि नवरीचा बाप मांडवात बसून ओघळ बघतोय. ओघळ माझ्या चुलत्याच्या धोतराखाली गेला. चुलता उठून ओरडला, "अहो मुकादम, लग्न हाय का पाटबंधारे?" मामा शांतपणे म्हणाले, "मांडव उतारावर घातलाय तुमी. पाऊस आला तर वऱ्हाड व्हाऊन जाईल." लग्न माघातलं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

म्हसखिंडीची वाट त्यांच्या घराण्याकडं होती. वाट घराण्याकडं म्हणजे काय, ते मला आधी कळलं नव्हतं. खिंडीत वर जाताना जुनी फरसबंदी होती, एकेक दगड हातभर लांबीचा, घट्ट बसवलेला. त्यावर बैलांच्या खुरांनी वाटीएवढे खळगे पडलेले. पूर्वी कोकणातनं मीठ यायचं, भीमाशंकराच्या रानातला हिरडा यायचा, भात यायचा, सगळं बैलांच्या पाठीवर. ही वाट मोडू नये म्हणून कुणा जुन्या सरकारानं मामांच्या पूर्वजांना थोडी जमीन इनाम दिली होती. तो कागद मोडीत होता. घरात कुणालाच वाचता येत नव्हता. दसऱ्याला त्याला हळद-कुंकू वाहायचे आणि पुन्हा पत्र्याच्या नळीत घालायचे.

स्वराज्य आल्यावर इनामं गेली, तशी हीही गेली. मी म्हणालो, "मामा, मग आता वाट राखायची कशाला?" तर म्हणाले, "बरं झालं गेलं. आता कुनी म्हननार न्हाई की जमिनीसाठी करतो." मला वाटलं चेष्टा करतायत. तोंडाकडं बघितलं तर चेष्टा दिसली नाही.

खिंडीच्या माथ्यावर म्हसोबा होता. शेंदूर फासलेला, गुडघ्याएवढा उंच, जाड दगड. त्याच्यामागं दगडांचा ढीग, घराएवढा. रीत अशी, की खिंड चढणाऱ्यानं मोकळ्या हातानं जायचं नाही. खालच्या ओढ्यातला एक धोंडा उचलायचा आणि वर म्हसोबाला वाहायचा. वाटेतला धोंडा उचलायचा नाही, ओढ्यातलाच. आणि गोल चालत नाही, एका अंगानं चपटा पाहिजे. "म्हसोबाला गोल धोंडा खपत न्हाई," असं भामेच्या खोऱ्यातलं लहान पोरही सांगायचं. का, ते कुणी विचारत नव्हतं. देवाच्या आवडीनिवडी असतात.

मामांनी ओव्हरसियर साहेबालाही सोडलं नाही. डोंगराला वळसा घालून नवा मोटाररस्ता काढायचं ठरलं, तेव्हा साहेब पाहणीला आला. डोक्यावर सोला हॅट, पायात बूट. ओढ्यापाशी मामांनी हात जोडले. "साहेब, धोंडा."

"कशाला?"

"म्हसोबाचं हाय."

साहेब हसला, भला माणूस होता, त्यानं लिंबाएवढा गोटा उचलून खिशात टाकला. मामांनी मान हलवली. "ह्यो न्हाई चालत. गोल हाय." मग स्वतः निवडून एक पाटीएवढा चपटा दगड त्याच्या हातात दिला. साहेबानं शिपायाकडं बघितलं. मामा म्हणाले, "ज्याचा त्यानं, साहेब." साहेब तो दगड पोटाशी धरून खिंड चढला, तीन ठिकाणी बसला, हॅटनं वारा घेतला, आणि वर पोचल्यावर म्हणाला, "ही फरसबंदी बांधली कोणी?"

"कुनाला ठावं. आमी फकस्त मोडू देत न्हाई."

त्या नव्या रस्त्याच्या कामावर साहेबानं मामांनाच मुकादम नेमलं. आणि मामांनी मला, नव्या जावयाला, टोळीत घेतलं. मी मोशी सोडून सासुरवाडीतच राहायला गेलो. लोक घरजावई म्हणाले. म्हणू देत.

कामावर मामा मला शिव्या घालायचे. सगळ्यांना घालायचे, पण मला जरा वेगळ्या, नवनव्या. "ए शेळपटा, घमेलं धरलंयस का सुपारी?" "आरं ए मोशीकर, खडी अंथरायची हाय, रांगोळी न्हाई काढायची!" दुपारी सुट्टी झाली, भाकरी सोडली, की तोच माणूस मांडी घालून म्हणायचा, "पाव्हणं, कालवण घ्या की आनखी. लाजू नगा." अर्ध्या तासानं पुन्हा, "ए शेळपटा!" टोळीतला किसन गाडीवान म्हणायचा, "गड्या, तुला सासरे किती? दोन का एक?" मला त्या शिव्यांचं वाईट वाटत नव्हतं. उलट ज्या दिवशी कमी पडायच्या त्या दिवशी काहीतरी चुकल्यासारखं व्हायचं.

नव्या रस्त्याचा त्यांना राग होता असं कुणी समजू नये. जीव होता. मोऱ्या, म्हणजे रस्त्याखालनं पाणी जायच्या वाटा, त्यांनी स्वतः बसवल्या. "रस्ता चाकानं मोडत न्हाई, पान्यानं मोडतो," हे दिवसातनं एकदा तरी म्हणायचेच. पुढं पहिली मोटार आली तेव्हा नारळ फुटले, मामांना हार घातला, आणि ते पुढच्या बाकावर बसून चाकणपर्यंत गेले. प्रत्येक मोरी आली की बाहेर वाकून सांगायचे, "ही माझी. ही बी माझी." फक्त वळणावरची एक आली तेव्हा गप्प बसले. तिथं त्यांनी साहेबाला मोठी मोरी मागितली होती आणि नकाशात छोटी होती.

पण मोटारीच्या आधी माझी चूक झाली. ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

चैत्रात मामा चार दिवस बहिणीकडच्या लग्नाला घोडेगावकडं गेले होते. साहेब आला आणि म्हणाला, सोलिंगला, रस्त्याच्या बुडाला, दगड कमी पडतोय, खिंडीत तयार दगड आहे, उद्यापासून काढून आणा, आता त्या वाटेनं कोण जाणार आहे. मी विचारलं, "मुकादम येईस्तवर थांबू का?" साहेब म्हणाला, "पाऊस थांबेल का?"

मी रात्रभर तळमळलो वगैरे काही नाही. मला लगेच युक्ती सुचली. साहेबाला दगड पाहिजेत. फरशी उखडली तर मामांचं काळीज उखडलं. पण म्हसोबामागचा ढीग आहे की! देवाला वाहिलेले दगड, नुसते पडून. ढीग द्यावा, फरशी वाचवावी. किसन म्हणाला, "देवाचं हाय, बाबा." मी म्हणालो, "देवाला हात लावत न्हाई आपन. त्याच्यामागचं नेतोय." तरी नारळ फोडला, परवानगी मागितली. म्हसोबा काही बोलला नाही.

तीन दिवस आम्ही टोळीनं ढीग उतरवला. डोक्यावरनं खाली, खालनं किसनच्या आणि इतरांच्या गाड्यांत. चौथ्या दिवशी माथ्यावर म्हसोबा एकटा उरला, मागं उघडा माळ. फरशीचा एक दगड हलला नव्हता. मी खूश होतो. खरं सांगतो, शाबासकीची वाट बघत होतो.

मामा खिंडीतूनच आले. मी माथ्यावर उभा होतो. त्यांच्या हातात वाहायचा धोंडा होता, चपटा, निवडलेला. तो त्यांनी म्हसोबामागं ठेवला. एकच दिसत होता तो तिथं. मग माझ्याकडं वळून म्हणाले,

"ऊन फार झालं. सावलीला बसा, पाव्हणं."

बस्. एवढंच. कामाच्या जागी पाव्हणं. मला आधी वाटलं, खूश झाले. संध्याकाळी चुलीपुढं हौसाला सांगितलं तेव्हा तिच्या हातातली भाकरी परातीत तशीच राहिली.

"सगळा नेला?"

"सगळा. पन फरशी वाचली ना!"

"आवो, फरशी न्हेली असती तरी चाललं असतं. फरशी त्या ढिगातनंच व्हती." मग तिनं सांगितलं. दर वैशाखात आबा एकटे वर जातात, म्हसोबाला नारळ देतात, ढिगातले दगड मागून घेतात आणि पावसाआधी वाट दुरुस्त करतात. चपटे दगड त्यासाठीच. तो ढीग म्हणजे वाटेचं कणगं होतं. पाच पिढ्यांनी भरलेलं.

"मग मला कुनी सांगितलं का न्हाई?"

"सांगायचं काय त्यात? सगळ्यांना ठावंच असतंय."

मोशीत डोंगर नाही. मला कसं ठाऊक असणार?

त्या दिवसापासनं मामांनी मला कामावर शिवी दिली नाही. घमेलं सांडलं तरी, "असूंद्या पाव्हणं." उशीर झाला तरी, "या पाव्हणं." टोळीला वाटलं माझा मान वाढला. मला एकट्याला कळत होतं की मी टोळीतनं बाहेर गेलो. का मला तसं वाटत होतं आणि त्यांच्या मनात काहीच नव्हतं? हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. रागावले असते तर पाय धरले असते. पाव्हणं म्हणणाऱ्याचे पाय कसे धरणार?

ते रोज पहाटे एक दगड घेऊन खिंड चढायचे आणि मग कामावर यायचे. मीही एकदा ओढ्यातला धोंडा उचलून मागं गेलो. त्यांनी वळून बघितलं आणि म्हणाले, "राहूंद्या, तुमास्नी सवय न्हाई." धोंडा माझ्या हातातनं घेतला, खांद्यावर स्वतःच्या धोंड्याशेजारी ठेवला आणि दोन्ही घेऊन गेले. मी रिकाम्या हातानं परत आलो.

पुढं मोटार सुरू झाली. खिंडीतनं जाणारं कोण राहिलं? एक-दोन धनगर, एखादी म्हातारी. लोकांना मामा सांगायचे, "येकदा तरी वरनं जात जा." लोक म्हणायचे, "मुकादम, रस्ता तुमीच केला, आता त्यावरनं जाऊ बी नगं का?" त्या पावसाळ्यात फरशी दोन ठिकाणी खचली. पुढं वर्षभर मामांनी वाहिलेले दगड तिथंच संपले.

पुढल्या श्रावणात हौसा पहिलटकरीण होती. दिवस भरत आले होते. सात दिवस पावसानं डोळा उघडला नव्हता, आणि त्या सकाळी तिला कळा सुरू झाल्या. सुईण आत गेली, दुपार कलल्यावर बाहेर आली आणि म्हणाली, "मूल आडवं हाय. माझ्या हातचं न्हाई. चाकणच्या दवाखान्यात न्या." मी मोटारीच्या थांब्याकडं पळालो. तिथं किसन बैल सोडून बसला होता. म्हणाला, वळणावरची मोरी वाहून गेली, रस्त्याला विहिरीएवढं खिंडार पडलंय, बैलही जात नाही.

मामांनी ते ऐकलं. साहेबाला सांगितलं होतं, असं काही म्हणाले नाहीत. घोंगडी काढली, वासा काढला, झोळी बांधली. "खिंडीतनं."

आम्ही चौघांनी वासा खांद्यावर घेतला. पुढं किसन आणि मी, मागं दोन शेजारी. मामा सगळ्यांच्या पुढं, हातात पहार. हौसा झोळीत कण्हत होती आणि मध्येच आम्हाला सूचना देत होती. "पाय घसरला तर आधी मला खाली ठेवा, मग पडा." सुईण मागनं रामराम म्हणत होती.

माथ्यापर्यंत फरशीनं साथ दिली. माथा ओलांडून पंधरा पावलं खाली गेलो आणि थांबलो. तिथं वाट नव्हती. सात-आठ हात फरशी खाली दरीत गेलेली, तिथं नुसता निसरडा उतार, त्याच्या मधोमध पाण्याचा लोट. मामांनी पहारीनं अलीकडं दोन पाय ठेवायला खाचा पाडल्या, पलीकडं दोन पाडल्या. पण मधल्या लोटात काहीतरी जड पाहिजे होतं. पहार घालून बघितली, आजूबाजूचा प्रत्येक दगड लिंबाएवढा नाहीतर सैल. टाकला की वाहून जायचा.

मी वर बघितलं. जिथं घराएवढा ढीग असायचा तिथं पाऊस पडत होता.

हौसा ओरडली. तोपर्यंत ती कण्हत होती, आता ओरडली. मामा सरळ माथ्यावर गेले. म्हसोबासमोर उभे राहिले. मला वाटलं, आता हात जोडणार. त्यांनी म्हसोबाच्या बुडाशी पहार घातली.

"मुकादम!" किसन किंचाळला. "आवो, काय करताय?"

मामा देवाशी बोलत होते, आमच्याशी नाही. "चल. ऊठ आता."

एकटा माणूस. तो दगड दोघांना हलला नसता. त्यांनी तो पहारीनं उपटला, कडेवर उभा केला आणि एकेक अंग पालटत, पहारीनं रोखत, पंधरा पावलं खाली आणला. शेंदूर पावसात विरघळून त्यांच्या कोपरापर्यंत ओघळला. लोटात उतरून, गुडघाभर पाण्यात, त्यांनी म्हसोबाला पालथा घातला. तोंड खाली, सपाट पाठ वर. बाजूनं बारके दगड ठोकले. मग स्वतः वर चढून दोन्ही टाचांनी दाबून बघितलं, जसं मोरीवरचा दगड बघायचे तसं.

"चला."

कुणी हललं नाही. मागचे दोघं रडकुंडीला आलेले. किसन म्हणाला, "माझी लेकरंबाळं हायती, मुकादम. देवावर पाय न्हाई देनार."

"वाट राखायची त्येची," मामा म्हणाले. "त्येचा धंदाच त्यो हाय. ठेवा पाय."

तरी कुणी हलेना. तेव्हा झोळीतनं हौसाचा आवाज आला, तुटक तुटक. "आबा, देवाचं नंतर बघा, आधी माझं बघा." आणि मामा माझ्याकडं वळून गरजले,

"ए शेळपटा! पाय ठेव!"

मी ठेवला. माझ्यामागं किसनला यावंच लागलं, वासा एकच होता. आम्ही पलीकडं गेलो. खाली महाळुंग्यात गाडी मिळाली, दिवेलागणीला चाकण गाठलं. पोरगी झाली. दोघी जगल्या.

दवाखान्याच्या पायरीवर मामा शेंदरी हात घेऊन बसले होते. मी बाहेर येऊन सांगितलं. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "बसा, पाव्हणं. दमला असाल."

म्हणजे काय झालं होतं? मला माफ केलं होतं की पुन्हा बाहेर काढलं होतं? की घाईत शिवी निघाली, घाई संपली, शिवी संपली, एवढंच? मी त्या पायरीवर पहिलं मूल झालेल्या बापासारखा बसायला पाहिजे होतो. मी गोंधळलेल्या गड्यासारखा बसलो.

पाऊस ओसरल्यावर दोन्ही अंगची गावं खवळली. देव पालथा, आणि धनगरांची मेंढरं त्यावरनं जातायत. चावडीवर मामांना बोलावलं. पाटलानं विचारलं, "रखमाजी, देवाला वाटेत घातलास?"

"व्हय."

"काढ तो लगोलग."

"काढतो की. पन आधी तितं दुसरे धोंडे बसवाय पायजेत. न्हाईतर देव काढला की वाट जाईल, अन् काढताना देवबी दरीत जाईल. माझ्या एकट्यानं व्हनार न्हाई." उठता उठता म्हणाले, "चपटे लागतील."

आणि मग जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलं. दोन गावं, घरटी पाच धोंडे, पोराबाळांसकट, मामांना शिव्या घालत खिंड चढली. बायका धोंडे वाहताना बोटं मोडत होत्या. मामा वर उभे राहून एकेक दगड हातात घेऊन बघत होते आणि गोल असेल तर परत पाठवत होते. "देवाला उचलायचं हाय, बायांनो, चेष्टा न्हाई." महिना-दीड महिन्यात फरशी पुरी झाली, मागं पुन्हा ढीग पडला, माणसाच्या छातीएवढा. म्हसोबाला काढला, दुधानं धुतला, जागी बसवला. पुन्हा कोप नको म्हणून गावानं दर साली घरटी पाच धोंड्यांचा नेम केला. मामांना प्रायश्चित्त म्हणून पंगतीत शेवटी बसवलं, एकटं. ते पोटभर जेवले. दोनदा भात मागून घेतला.

त्यांनी हे आधीच ठरवलं होतं का? की त्या क्षणी मुलगी दिसली आणि दगड दिसला, बाकी काही नाही? हौसाला मी हे शंभर वेळा विचारलं. ती हसून म्हणायची, "तुमाला काय वाटतं?" मला काय वाटतं ते मला कळत असतं तर विचारलं कशाला असतं!

दोन वर्षांनी पिंपरीत कंपनी निघाली, मला तिथं काम मिळालं. आम्ही थेरगावात खोली घेतली. मामा वर्षातनं एकदा आंबेमोहराचं गाठोडं घेऊन नातीला बघायला यायचे. शेवटचे आले तेव्हा थकले होते. सकाळी परत निघाले, मी मोठ्या रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. माझी पहिली शिफ्ट होती. भोंगा व्हायला थोडा वेळ होता. मनात आलं, आता विचारलं नाही तर राहून जाईल.

"मामा, त्या दिवशी म्हसोबा... तुमी मुद्दाम केलं व्हतं का?"

ते म्हणाले, "तुमी पाय ठेवला तवा दगड हालला का?"

"न्हाई."

"अजाबात?"

"अजाबात न्हाई."

"मग झालं की," ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर असं समाधान आलं, जसं इतकी वर्षं हे विचारायचं त्यांचंच राहून गेलं होतं.

मोटार यायला अवकाश होता. रस्त्याला नवा पूल बांधला होता, ओढ्यावर, चुन्याचे डाग अजून ओले दिसत होते. मामांनी माझ्या हातात पिशवी दिली, धोतराचा काचा वर खोवला, कठड्याला धरून हळूहळू उतारानं खाली गेले आणि वाकून पुलाखाली शिरले. आतून दगडावर काहीतरी ठोकल्याचा आवाज आला. मग जरा पुढं, आणखी एक. तेवढ्यात कंपनीचा भोंगा झाला. मी पिशवी कठड्यावर ठेवली, खाली वाकून "मामा, येतो" म्हणून ओरडलो. आतून ठोकणं थांबलं नाही. मी पळालो.